फोटो काढा

यादीतली बाविसावी ओळ: 'काढा'.
मीच लिहिली होती, परसोडीच्या आयटी पार्कात,
बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत एसीनं बोटं आखडलेली.
म्हणायचं होतं: हा फोटो नको, इथून जाऊ द्या.
बटणावर जागा सहा अक्षरांची.
दोनच लागली. मी खूश.

मग कुणाला तरी वापरून पाहू दे म्हणून
इतवारीत गेले, शहीद चौकामागच्या बोळात,
देवाजी निमजेंच्या बंद पडलेल्या स्टुडिओत.
लोकांना स्टुलावर बसवायचं,
हनुवटी दोन बोटांनी किंचित वर करायची,
चाळीस वर्षं हेच.
आता सगळ्या निगेटिव्हा पोरानं स्कॅन करून दिल्यात,
आणि तो पुण्याला.
कूलर खडखडत होता. वाळ्याचा ओला वास.

"बस. दाखव काय करून राहिली ते."

पहिल्याच शब्दाला अडले. विरोधाभास.
"हे कोर्टातलं आहे का वं?"
मी म्हटलं, काळ्या-पांढऱ्यातलं अंतर, कमी-जास्त करायचं.
"मग आम्ही म्हणत होतो तसं म्हण ना. कडक. नरम."
मी वहीत लिहून घेतलं. कडक. नरम.

'खिडकीत बसवा.'
"कोणाले?"
मी हसले. ते नाही हसले.
"पूर्ण फोटो दिसू दे, असं म्हणायचं आहे का तुले?"
हो.
"मग."

'गडद पडदा', शेजारी बरोबरची खूण.
"हे आत्ता आहे, का दाबल्यावर होईल?"
या प्रश्नावर ऑफिसात तीन मीटिंगा झाल्या होत्या.
त्यांनी बशीतल्या चहाचा एक घोट घेऊन विचारला
आणि उत्तराची वाट पाहत बसले.
अजून पाहत असतील.

'मूळ आकार' दाबलं, तर स्क्रीनभर
एका कानातली कुडी. एकेक मोती लिंबाएवढा.
खुर्ची मागे सरकवली त्यांनी,
चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला.
"हिची आहे," म्हणाले.
"पण एवढी नव्हती."
अंगठा आणि बोट यांच्यात जरासं अंतर धरून
मला दाखवलं. "एवढी."
मूळ म्हणजे कॅमेऱ्याचं मूळ, ठिपक्याला ठिपका,
हे सांगणार होते. नाही सांगितलं.

कुडीवरून फोटो लहान होत होत चेहरा आला,
नऊवारीचा काठ, मागचा रंगवलेला ताजमहाल.
आणि त्याखाली बाविसावी ओळ.
इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांना काही ओळखीचं दिसलं.
पाठ ताठ झाली. डोळा बारीक.
"हं, इकडे पाह्य," अगदी हळू म्हणाले, सवयीनं,
आणि दाबलं.

स्क्रीनवर ताजमहालसुद्धा उरला नाही.

"काढला का?"
"हो," मी म्हटलं. "म्हणजे... काढला."

परत आणायला अर्धं मिनिट लागलं असेल.
माझ्या हातून दोनदा चुकीचं दाबलं गेलं,
माझेच शब्द, मलाच वाचता येईनात.
ती आली, काठासकट.
रागावले नाहीत. एवढंच म्हणाले,
"इतके फोटो काढले वं,
कोणी गेलं नव्हतं."

रात्री यादी उघडली.
'कचऱ्यात टाका' लिहिलं आणि त्या चेहऱ्याखाली ठेवून पाहिलं. खोडलं.
'हटवा', म्हणजे सीताबर्डीतल्या हातगाड्या.
'पुसा', म्हणजे पाटी.
'बाजूला ठेवा' बरं वाटलं, पण खोटं आहे.
'मूळ आकार'समोरचा रकाना रिकामाच सोडला,
अंगठा आणि बोट टाइप करता येत नाही.

शेवटी बाविसाव्या ओळीत लिहिलं:
'हा फोटो नको. मन बदललं तर परत आणता येईल.'

हैदराबादहून सुधींद्रचा निरोप, पाच मिनिटांत:
बसत नाही, सहा अक्षरं.

मी कळवलं, बटण मोठं कर.